धुलाई

अबुधाबीच्या या हॉटेलात, तळघरात
दिवस मावळला हे मला पिशव्यांवरून कळतं.
साडेसहाला लिफ्ट उघडते,
टेकबहादुर ट्रॉली ढकलत आणतो.
सोळा पिशव्या. नावं नसतात,
चिठ्ठीवर फक्त खोलीचा नंबर.

मॅच मी पाहिलेली नसते.
पण सातशे चौदाची पॅन्ट उलगडली
की उजव्या मांडीवर तो तांबडा पट्टा,
चेंडू घासून घासून उमटलेला.
टेकबहादुर म्हणतो, अठ्ठावीस ओव्हर टाकल्या.
मी म्हणतो, एकतीस.
पट्ट्याची रुंदी मला कळते.

आणि शर्ट?
मिठाने कडक, खळ न घालता ताठ.
टेबलावर ठेवला तर बसूनच राहतो,
आत अजून माणूस असल्यासारखा.
सातशे नऊचंही तेच. कोपराला रक्ताचा ठिपका,
खिशात चिकटपट्टीचा तुकडा, खजुराची बी.
समोरच्यांना दोनशेच्या आत गुंडाळलं होतं
या तिघाचौघांनी, त्या उन्हात.

मग दोन, तीन, पाच, सहा.
फलंदाजीचा जोड वेगळा असतो,
पिशवीच्या तळाशी दुमडलेला.
काल मी पाडलेली घडी आज तशीच उभी.
मला वाटलं, न घातलेलेच कपडे
चुकून खाली आले.
"सगळे मिळून त्र्याऐंशी," टेकबहादुर म्हणाला.
त्याला क्रिकेट कळत नाही, आकडे कळतात.
आम्ही हसलो.
चहाच्या आत सगळे बाद,
म्हणजे सातशे चौदा पुन्हा चेंडू घेऊन उभा.
पायातले बूटसुद्धा काढले नसतील.

हा प्रकार मला नवा नाही.
हर्णैला माझा धाकटा भाऊ आहे, मुदस्सर.
मोबाईलचं दुकान: शून्यावर.
कोंबड्या: वर्षभर टिकला, मग एका रात्रीत सगळ्या.
बोटीतली भागी: अजून तिसऱ्या पंचाकडे.
आणि मी इथून टाकतोय,
दर महिन्याच्या पाच तारखेला,
अकरा वर्षं, टप्पा न चुकवता.

तिसऱ्या दिवशी सातशे दोनची पॅन्ट
मी धुतलीच नाही. धुणार काय?
सरळ इस्त्रीखाली घेतली.
वाफ बसली
आणि दोन्ही मांड्यांवर
हळूहळू काहीतरी पिवळट वर आलं.
पंजे.
दहा बोटं, अंगठ्यांसकट.
पॅड बांधून खुर्चीत बसल्या बसल्या
त्याने पुसलेले तळवे,
पुन्हा पुन्हा, त्याच जागी.
बाहेर कुणाची तरी विकेट पडली असणार,
मग आणखी एकाची.

दहावीच्या निकालाला मुदस्सर असाच बसला होता,
अब्बांच्या समोर, बाकड्याच्या टोकाला.
सकाळी इस्त्री केलेली पॅन्ट
दुपारपर्यंत मांड्यांवर ओली.
मी तेव्हा म्हणालो होतो, पाणी सांडलं का रे?

पॅन्ट परत टबात टाकली.

चौथ्या दिवशी लिफ्ट उशिरा उघडली.
आठ धावांनी हरले.
सातशे चौदाच्या शर्टावर, बरगडीपाशी
गोल लाल छाप,
शिवणीचे टाकेही मोजता येतील इतका स्पष्ट.
तो शेवटचा. एका टोकाला उभा राहिला म्हणे,
अंगावर घेत.
आणि दुसऱ्या टोकाला?
टेकबहादुरने ट्रॉलीतून पिशवी काढून दाखवली.
सातशे दोन. सत्तावन्न, नाबाद.
दोन्ही गुडघ्यांवर गवत,
हिरवंगार, धाग्यात खोल गेलेलं.

गवताचा डाग लगेच भिजवायचा असतो,
नाहीतर बसतो. नवशिक्या पोरांना
पहिल्याच दिवशी हे मीच सांगतो.
तरी ती पॅन्ट थोडा वेळ
दोरीवर तशीच टांगून ठेवली.
हर्णैला फोन लावला.
रिंग जात राहिली, तिकडे रात्र झाली असेल.
मग हातमोजे चढवले
आणि सोडा घेतला.